पहिल्या रायफल शिबिराला जाताय? आधी डोळा तपासा

शिबिराच्या अर्जात एक रकाना होता: उजवे की डावखुरे? मी बेधडक 'उजवी' लिहिलं. तीस वर्षं उजव्या हाताने कात्री चालवते आहे, यात विचार करण्यासारखं काय होतं? शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास कळलं की हात उजवा असला तरी डोळा डावा आहे, आणि रायफलीला हातापेक्षा डोळ्याशी जास्त देणंघेणं असतं. तोवर माझ्या चाळीसएक गोळ्या वाया गेल्या होत्या.

म्हणून घरूनच तपासून जा, एका मिनिटाचं काम आहे. दोन्ही हात समोर ताठ करा, तळव्यांच्या मध्ये रुपयाएवढी फट ठेवा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून लांबची एखादी वस्तू पाहा, दाराची कडी चालेल. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला ती कडी फटीत तशीच दिसत राहते तो तुमचा मुख्य डोळा. खात्री नसेल तर कडीवरची नजर न काढता हात हळूहळू तोंडाजवळ आणा. फट आपोआप त्याच डोळ्यापाशी येऊन थांबते.

हात आणि डोळा एकाच बाजूचे निघाले तर पुढचं वाचा. नसतील तर दोन वाटा आहेत. एक, मुख्य डोळ्याच्या बाजूचा खांदा वापरायचा. दुसरी, सवयीचाच खांदा ठेवायचा आणि मुख्य डोळ्यासमोरच्या चष्म्याच्या काचेवर अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावायची. उजेड येतो, चित्र येत नाही. एक डोळा घट्ट मिटून बसू नका. दहा मिनिटांत अर्धा चेहरा आखडतो आणि उघडा डोळाही थकतो. नवशिक्याने खांदा बदलावा, असं माझ्या प्रशिक्षकांचं मत होतं, कारण मोडायला जुनी सवय नसते. मी बदलला. पहिला अर्धा तास दुसऱ्याच कुणाचे हात लावून घेतल्यासारखं वाटलं.

मला या भानगडीत ओढलं माझ्या भाच्याने. 'मावशी, तुझा हात स्थिर आहे, चल,' म्हणाला. हात स्थिर असणं फारसं कामाचं नसतं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

सोबत काय न्यायचं

रायफल स्वतःची नसेल तर अर्ज भरतानाच सांगा. बहुतेक ठिकाणी उसनी मिळते, पण ऐन वेळी मागितली तर जी उरली असेल ती पदरी पडते. स्वतःची असेल तर ती नेण्याआणण्याचे तुमच्याकडचे नियम आधी पाहा: पेटी कुलूपबंद हवी का, गोळ्या वेगळ्या ठेवायच्या का, कोणते कागद जवळ लागतात. रेंजवर पोचल्यावर कुणी सांगेपर्यंत ती पेटीतून बाहेर काढायची नाही. उत्साहाने गाडीपाशीच उघडून दाखवणारे असतात. त्यांचा दिवस बोलणी खाऊनच सुरू होतो.

पहिल्या शिबिराला '.22 लाँग रायफल' ही छोटी गोळी मारणारी रायफलच न्या. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, धक्का नावापुरता, आवाजही मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या, रायफलीपेक्षा बराच कमी. मोठी रायफल चुका धक्क्यात लपवते, ही छोटी त्या उघड्या पाडते, आणि आपण गेलेलो असतो त्याचसाठी. मात्र तिला खेळणं समजू नका. तीच अडीच ग्रॅमची गोळी मोकळ्या रानात एका किलोमीटरच्या बरीच पुढे जाऊ शकते.

गोळ्या किती लागतील ते आयोजक सांगतात. आमच्या दोन दिवसांत माणशी सुमारे तीनशे लागल्या. सगळ्या एकाच कंपनीच्या, जमल्यास एकाच लॉटच्या (एकाच खेपेत बनलेल्या) घ्या. मी दोन प्रकारच्या नेल्या होत्या आणि दुपारी डबी बदलल्यावर माझा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, बोटभर खाली उतरला. चूक आपली की गोळीची, हे शोधण्यात तासभर गेला. रायफल मॅगझिनची असेल तर दोन-तीन जादा मॅगझिन ठेवा. रुगर 10/22 सारख्या, 1964 पासून बाजारात असलेल्या रायफलींना ती सहज मिळतात.

कपड्यांबद्दल शिंपीण म्हणून चार शब्द जास्त बोलते. गळा बंद हवा. सेमी-ऑटो, म्हणजे बार झाल्यावर पुढची गोळी आपोआप भरणारी, रायफल रिकामं काडतूस बाजूला फेकते, ते गरम असतं आणि उघडा गळा त्याला अचूक सापडतो. शनिवारी माझ्या शेजाऱ्याच्या कॉलरमध्ये एक गेलं. माणूस हातातल्या रायफलीसकट वळायला लागला, आणि प्रशिक्षकाने झेप घेऊन नळी समोर दाबून धरली. भाजलं तर भाजू द्या. नळी समोर, बोट बाहेर, रायफल खाली, मग झटका. एवढा क्रम पाठ होत नसेल तर वरचं बटण लावा.

बाही लांब हवी आणि कोपरापाशी सैल. पुढे काठ असलेली टोपी, बंद बूट, अंगाखाली घालायला चटई. कोपरांसाठी पॅड. हे नसले तरी चालतील असं मला वाटलं होतं. रविवारी संध्याकाळी दोन्ही कोपरांवर रुपयाएवढी साल गेलेली होती.

डोळ्यांना संरक्षक चष्मा आणि कानांना संरक्षण, याला पर्याय नाही. .22 चा आवाज 'टक्' असा वाटतो, पण कानापाशी तो 140 डेसिबलच्या आसपास पोचतो, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. फोमचे बोळे वापरत असाल तर नुसते कानाच्या तोंडाशी खुपसू नका. बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. त्यावर मफ चढवले तर संरक्षण दुप्पट होत नाही, पाचेक डेसिबलची भर पडते. मी तरी दोन्ही लावते. शेजारी मोठ्या बोअरची रायफल असेल तर ते पाच मोलाचे असतात.

याशिवाय पाणी, वही, पेन्सिल. आणि नीट झोप झालेली असू द्या.

रेषेवरचे नियम

सकाळचा पहिला तास फक्त नियमांचा होता. मला वाटलं होतं कंटाळा येईल. चार गोष्टी, पुन्हा पुन्हा. नळी कायम सुरक्षित दिशेला, म्हणजे रेंजवर टार्गेटकडे. नेम धरून बार करायचं ठरेपर्यंत बोट ट्रिगरच्या कड्याबाहेर, सरळ. हुकूम मिळेपर्यंत गोळी भरायची नाही. आणि आपल्यासोबत शेजारीही हे पाळतो आहे ना, यावर लक्ष.

यातलं नळीचं सगळ्यात अवघड जातं. कात्री देताना मूठ समोरच्याकडे करून द्यायची हे आमच्या हाडीमासी भिनलेलं असतं, त्यामुळे कुणाशी बोलताना हातातली वस्तू त्याच्याकडे वळतेच. प्रशिक्षकाने मागून हाक मारली की अख्खं अंग वळतं आणि अंगासोबत रायफल. यावर एकच उपाय सापडला: हाक आली की आधी रायफल चटईवर ठेवायची, मग मान वळवायची.

'सीझ फायर', म्हणजे गोळीबार थांबवा, हा हुकूम कुणीही देऊ शकतो. प्रशिक्षकच नव्हे, कुणीही. दुपारी वाऱ्याने एका गृहस्थाची टोपी उडून रेषेच्या, म्हणजे जिथून आम्ही मारत होतो तिच्या, पुढे गेली आणि ते सहजपणे ती उचलायला पाऊल टाकणार, तोच टोकाला बसलेली चौदा वर्षांची मुलगी ओरडली. बावीस रायफली एका क्षणात गप्प झाल्या. त्या दिवशीची सगळ्यात चांगली कामगिरी तिची होती असं मी म्हणेन, आणि तिची एकही गोळी त्यात खर्च झाली नाही.

हुकूम ऐकला की अर्धवट राहिलेल्या बाराची इच्छा सोडायची. बोट बाहेर, मॅगझिन काढा, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) उघडा, चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामा आहे हे डोळ्यांनी पाहा, चेंबरमध्ये झेंडी घाला, रायफल खाली ठेवा, मागे सरका. माणसं टार्गेटपाशी गेलेली असताना रायफलीला हात लावायचा नाही. स्कोपची, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीची, काच पुसायलाही नाही, स्लिंग (रायफलीचा पट्टा) सारखा करायलाही नाही.

दोन प्रसंग आधीच डोक्यात ठेवून जा. चाप ओढला आणि नुसतं 'टिक' झालं, तर बोल्ट लगेच उघडू नका. नळी समोर ठेवून निदान 30 सेकंद थांबा, कारण दारू कधीकधी उशिरा पेट घेते. आणि नेहमीच्या आवाजाऐवजी दबका 'फुस्स' आला तर तिथेच थांबा, हात वर करा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि पुढची गोळी तिच्यावर जाऊन आदळली तर नळी फुटते.

शिवण आणि नेम

आता ज्यासाठी दोन दिवस घालवायचे ते.

मला वाटत होतं नेमबाजी म्हणजे रायफल घट्ट धरून टार्गेटवर रोखणं. घट्ट धरणं मला येतं. मग पहिल्या पाच गोळ्यांचा ग्रुप 25 मीटरवर तळहाताएवढा का आला? सुमारे 90 मिलिमीटर.

प्रशिक्षकाने मला आडवं झोपवलं, नेम धरायला लावलं आणि म्हणाले, 'आता डोळे मिटा. एक मोठा श्वास घ्या, सोडा. अंग सैल सोडा. उघडा.' उघडले तर माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, टार्गेटच्या चांगली वीतभर उजवीकडे. पुन्हा ओढून मध्ये आणली, डोळे मिटले, सैल सोडलं, उघडले. पुन्हा वीतभर उजवीकडे. तिसऱ्यांदाही तिथेच.

तेव्हा लख्ख कळलं, कारण हे मी रोज पाहते. कापड ओढून धरून शिवलं की मशीनवर शिवण सरळ दिसते. कापड सोडलं की ते आपल्या मूळच्या जागी जातं आणि शिवण गोळा होते. रायफल स्नायूंनी ओढून टार्गेटवर आणली की तसंच होतं. बार होण्याच्या क्षणी अंग थोडं तरी सैल पडतंच आणि नळी आपल्या मूळच्या जागी परत निघते. ती जागा म्हणजे तुमचा नैसर्गिक नेम. रायफल टार्गेटकडे ओढायची नाही, अंगच असं मांडायचं की सैल सोडल्यावर नळी आपोआप टार्गेटवर येऊन बसेल. जुन्या मराठीत नेम धरण्याला शिस्त धरणं म्हणत. शब्द चपखल आहे.

करायचं कसं? आधार देणारा कोपर, म्हणजे माझा उजवा (डाव्या खांद्यावरून मारते म्हणून, तुमचा बहुधा डावा), खिळा ठोकल्यासारखा जमिनीवर ठेवायचा. तो हलवायचा नाही, बाकी अंग त्याच्याभोवती फिरवायचं. नळी उजवीकडे जायला हवी असेल तर कंबर डावीकडे, नळी डावीकडे हवी असेल तर कंबर उजवीकडे. नळी खाली हवी असेल तर कोपर तिथेच ठेवून अंग किंचित पुढे सरकवा, वर हवी असेल तर मागे. हे सरकणं बोटभराचं असतं. मग पुन्हा डोळे मिटा, श्वास, सैल, उघडा. माझं चार वेळा करून जमलं. प्रत्येक नव्या ग्रुपआधी हे करायचं, आणि उठून पुन्हा झोपलात तर पहिल्यापासून. कंटाळवाणं आहे. करायचंच.

तो कोपर शक्यतो रायफलीच्या बरोबर खाली हवा, म्हणजे वजन हाडावर येतं. हाड दमत नाही, स्नायू दमतो. पुढच्या हाताने फोरएंड (नळीखालचा लाकडी भाग) आवळायचा नाही, हात नुसता खाली ठेवायचा. याला खरा आधार स्लिंगचा. पट्ट्याचा फास दंडावर, बेडकुळीच्या वर, चढवायचा आणि इतका ताणायचा की हात पूर्ण सैल सोडला तरी रायफल जागची हलत नाही. पहिल्यांदा ताणलात तर हात काळानिळा होईल असं वाटतं. माशी ठोक्याठोक्याला उडताना दिसली तर फास धमनीवर आलाय, थोडा वर सरकवा.

झोपताना अंग टार्गेटच्या रेषेत सरळ न ठेवता थोडं तिरपं ठेवा: उजव्या खांद्याने मारणाऱ्याचे पाय डावीकडे, डाव्याचे उजवीकडे. मारणाऱ्या बाजूचा गुडघा वर ओढून घ्या. पोट जमिनीवरून किंचित उचललं जातं आणि श्वासागणिक रायफल वरखाली होणं कमी होतं. गाल दस्त्यावर (खांद्याला लावायच्या मागच्या भागावर) टेकवायचा तो दर वेळी एकाच ठिकाणी. एकदा बरोबर जागा सापडली की मी तिथे रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावला, जसा मशीनच्या पट्टीवर शिवणीच्या मापासाठी लावते. प्रशिक्षक हसले, आणि दुपारपर्यंत आणखी तिघांच्या रायफलींवर तसे तुकडे दिसले.

बसून, गुडघ्यावर आणि उभ्याने मारायच्या स्थितीही शिकवतात. पहिल्या वेळी त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. बसून मारताना कोपराचं टोक गुडघ्याच्या वाटीवर टेकवू नका; हाडावर हाड घसरतं. कोपराच्या जरा वरचा भाग गुडघ्याच्या पुढच्या उतारावर बसवा. उभ्याने मारताना माझी माशी टार्गेटभोवती आठाचा आकडा काढत होती. ती थांबत नाही, असं मला सांगितलं गेलं. थांबण्याची वाट पाहत बसलात तर बाराच्या क्षणी ट्रिगर हिसकला जातो. मला उभ्याने अजूनही येत नाही, तेव्हा एवढंच.

माशी, श्वास, बोट

उघड्या साइटने, म्हणजे स्कोपशिवाय, मारत असाल तर डोळ्याला एकाच वेळी तीन गोष्टी स्पष्ट दिसू शकत नाहीत: मागची खाच, पुढची माशी, टार्गेट. स्पष्ट ठेवायची ती माशी. टार्गेट धूसर राहू द्या. मन मानत नाही, कारण मारायचं तर टार्गेटला आहे. पण हिशोब पाहा. दोन्ही साइटमधलं अंतर 60 सेंटिमीटर धरलं आणि माशी खाचेत एकच मिलिमीटर बाजूला सरकली, तर 25 मीटरवर गोळी सुमारे 42 मिलिमीटर चुकते. माशी खाचेत बरोबर असून अख्खी रायफल एक मिलिमीटर बाजूला सरकली तर गोळीही मिलिमीटरभरच चुकते.

श्वासाचं मला शिकवावं लागलं नाही. सुईत दोरा ओवताना आपण काय करतो? श्वास सोडतो, आणि पुढचा घ्यायच्या आधी जी एक शांत फट येते तिच्यात दोरा घालतो. तीच फट. ती सात-आठ सेकंदांपर्यंत ताणता येते, त्यापुढे नाही. डोळ्यासमोरचं चित्र विस्कटू लागतं आणि माशी थरथरते. तेवढ्यात बार झाला नाही तर सोडून द्या, दोन श्वास घ्या, पुन्हा सुरू करा. सोडून देता येणं हेही शिकावं लागतं. पहिल्या दिवशी मी एकदाही सोडलं नाही आणि माझी प्रत्येक रखडलेली गोळी बाहेर गेली.

बोटाचं मात्र शिकावं लागलं. पहिल्या पेराच्या मध्यावर चाप ठेवायचा आणि सरळ मागे दाब वाढवत न्यायचा, इतका हळू की बार कधी होईल हे आपल्यालाही नेमकं कळू नये. झाल्यावर चाप लगेच सोडायचा नाही. मागे धरून ठेवायचा, माशी कुठे उडाली ते पाहायचं, मग सोडायचा.

मी हे अगदी असंच करते आहे अशी माझी खात्री होती. मग डमीचा खेळ झाला. जोडीदार तुमच्या नकळत कधी खरी गोळी भरतो, कधी डमी. भाचा माझा जोडीदार. दोन खऱ्या भरल्या, तिसरी डमी. मी चाप ओढला, 'टिक', आणि नळी चक्क बोटभर खाली खचली. आवाज नाही, धक्का नाही, आणि तरी मी येणाऱ्या धक्क्याला अंग चोरलं होतं. भाचा काही बोलला नाही, नुसता खोकला. हा खेळ तुमच्या शिबिरात नसेल तर मागून घ्या. (.22 वर डमीशिवाय रिकामा चाप ओढण्याआधी विचारा. काही रायफलींत पिन चेंबरच्या काठावर आपटून तो खराब होतो.)

टार्गेट वाचणं

पाच गोळ्या झाल्या की टार्गेटकडे धावू नका. आधी वहीत लिहा, प्रत्येक गोळी कुठे गेली असं तुम्हाला वाटतं ते. बाराच्या क्षणी माशी कुठे होती ते आठवून. मग टार्गेट पाहा. सुरुवातीला काहीच जुळत नाही. रविवारी सकाळी माझ्या पाचातल्या तीन जुळल्या, तेव्हा ग्रुप लहान झाल्यापेक्षा जास्त आनंद झाला. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्राने शेवटची गोळी 10.8 गुणांची मारली. 10 मीटर एअर रायफलच्या त्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो आकडा मी पूर्वीही ऐकला होता. पाचातल्या तीन ओळखू यायला दीड दिवस लागल्यावर तो पहिल्यांदा समजला.

ग्रुप लहान पण मध्यापासून दूर असेल तर अंग ठीक आहे, साइट फिरवा. ग्रुप विखुरलेला असेल तर साइटला हात लावू नका, दोष तुमच्यात आहे. साइट फिरवण्याचं माप मिनिटांत असतं, वर्तुळाच्या अंशाचा साठावा भाग. 25 मीटरवर एक मिनिट म्हणजे सुमारे 7.3 मिलिमीटर. स्कोपची एक क्लिक बहुधा पाव मिनिटाची असते, म्हणजे तिथे साधारण 1.8 मिलिमीटर. माझा ग्रुप मध्यापासून 36 मिलिमीटर डावीकडे होता. 36 भागिले 1.8, वीस क्लिक उजवीकडे. मागची उघडी साइट हलवायची असेल तर जिकडे ग्रुप न्यायचाय तिकडे हलवा. पुढची माशी हलवायची असेल तर उलट.

आणि मारण्याआधी आपल्या टार्गेटचा नंबर वाचा. मोठ्याने वाचा. शनिवारी दुपारी माझ्या टार्गेटवर तीनच भोकं, आणि शेजाऱ्याच्या टार्गेटवर, ज्यांनी पाच मारल्या होत्या, सात. नैसर्गिक नेम छान जमला होता, फक्त दुसऱ्याच्या टार्गेटवर. 2004 ला अथेन्समध्ये अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स 50 मीटर थ्री पोझिशनच्या (झोपून, गुडघ्यावर आणि उभ्याने मारायच्या) अंतिम फेरीत शेवटच्या गोळीपर्यंत आघाडीवर होता. ती गोळी त्याने शेजारच्या टार्गेटवर मारली, शून्य गुण मिळाले आणि तो थेट आठवा आला. हे मी शेजाऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, 'त्याने एकच मारली होती, बाई.'

रविवार

रविवारी सकाळी सगळं बिघडल्यासारखं वाटतं. मान आखडलेली, कोपर सोललेले, आणि काल जमलेलं आज जमत नाही. बहुतेक वेळा कारण एकच असतं: घाईत झोपलात, स्लिंग सैल राहिला. पहिले दोन ग्रुप मोजू नका. दुपारी तीननंतर डोळे थकतात. मला तेव्हा माशीच्या दोन माश्या दिसत होत्या. अशा वेळी एक फेरी बाहेर बसा. पैसे भरलेत म्हणून प्रत्येक गोळी मारलीच पाहिजे असं नाही.

उसनी रायफल बोल्टची होती आणि बोल्ट उजवीकडे. डाव्या खांद्यावरून प्रत्येक गोळीनंतर हात पलीकडे न्यायचा म्हणजे मांडलेलं अंग दर वेळी विस्कटायचं. रविवारी सेमी-ऑटो बदलून मिळाली. तिची रिकामी काडतुसं माझ्या नाकासमोरून उजवीकडे उडत होती. चष्मा का, हे त्या दिवशी कळलं. शेवटचा ग्रुप 29 मिलिमीटर, म्हणजे चार मिनिटं. भाच्याचा चोवीस. तो उभ्यानेही बरा मारतो.

खाण्याआधी, आणि घरी निघण्याआधी, हात आणि तोंड साबणाने थंड पाण्यात धुवा. हातांवर, बाह्यांवर शिशाची पूड असते. त्या दिवसाचे कपडे घरच्या इतर कपड्यांत मिसळू नका, वेगळे धुवा. घरात लहान मूल असेल तर आधी कपडे बदला, मग उचला.

सोमवारी मी दुकानात जाडसर डेनिमचे दोन चौकोन कापले, आत फोमचा थर घातला आणि जुन्या फुलबाह्यांच्या शर्टाच्या कोपरांवर शिवले. करणार असाल तर एक सूचना: बाही सरळ ठेवून माप घेऊ नका. झोपून, हात वाकवून, कोपर जमिनीवर टेकतो तिथे खडूची खूण करा. उभ्याने घेतलेल्या मापापेक्षा ती चांगली तीन बोटं खाली निघते. डाव्या खांद्यावरही आतून एक थर घातला आहे.

पुढच्या शिबिराचा अर्ज आला आहे. त्या रकान्यात 'डावखुरी' लिहिलं, आणि भाच्याला विचारलं की हे खोटं तर ठरत नाही ना. तो म्हणाला, 'मावशी, टार्गेटचा नंबर वाचत जा, बाकी काही लिही.'